गोल काचेखालची चांदणी

संपादकांना पाण्याच्या दरांवर लेख हवा होता. दरांचे तक्ते कोणीही छापील. मला कुतूहल होते ते हे दर ज्या यंत्राच्या भरवशावर आकारले जातात त्याचे. म्हणून म्हापशात खोर्लीच्या एका घरी, चिऱ्यांच्या गडग्याशेजारी बसवलेल्या पाण्याच्या मीटरपुढे उकिडवा बसलो.

पितळी अंग, वर झाकण, झाकणाखाली गोल काच. काळे आकडे घनमीटरचे, म्हणजे हजार लिटरचे. लाल त्याहून लहान मापांचे. मधोमध एक इवलीशी दातेरी चांदणी. आत पाण्याच्या झोताने छोटा पंखा फिरतो आणि दातेरी चक्रे ती गती आकड्यांपर्यंत पोचवतात. वीज लागत नाही. मीटर वाचणारा येतो, मुंग्या झटकतो, अंगठ्याने काच पुसतो, काळे आकडे टिपून घेतो आणि पुढच्या गडग्याकडे वळतो. लाल आकड्यांकडे तो बघतही नाही.

या यंत्राचा स्वभाव मात्र विचित्र. नळ थेंबथेंब गळत असेल तर बहुतेकदा त्याला पत्ता लागत नाही, कारण तेवढ्या पाण्याने पंखा हलत नाही. हवा मात्र लगेच कळते. रिकामी वाहिनी पुन्हा भरू लागली की पाण्याच्या पुढे हवा ढकलली जाते, आणि नळातून फुसफुस येत असताना चांदणी भिंगरीसारखी गरगरते. वाहिनीत चोवीस तास दाब असेल तर हे होत नाही. थोडक्यात, मीटर खरा चालतो तो अखंड पुरवठ्यावर. आपल्याकडे पाणी येते ठरावीक वेळी, नाहीतर न ठरवलेल्या वेळी.

1 सप्टेंबर 2021 पासून गोवा सरकारने घरगुती ग्राहकांना महिन्याला 16 घनमीटरपर्यंत पाणी मोफत केले. हिशेब केला तर दिवसाला 533 लिटर. चौघांच्या घरात माणशी 133. शहरांसाठी 135 लिटरचा दंडक धरतात, म्हणजे आकडा उदार होता. पुढे ही सवलत गुंडाळली गेली. तिचा एक फायदा मला दिसतो: सोळाचा आकडा ओलांडू नये म्हणून काही लोक तरी आपल्या मीटरची काच पुसून बघू लागले असतील. पण फुकट पाणी आणि वेळेवर पाणी या दोन गोष्टी आहेत. ऑक्टोबर 2020 मध्ये ग्रामीण भागात घरोघर नळजोडणी देणारे देशातले पहिले राज्य म्हणून गोव्याचे नाव जाहीर झाले. नळ पोचले हे खरे. नळाला पाणी कधी येणार, हे मात्र अस्नोड्याला विचारावे लागते.

अस्नोड्याचा जलशुद्धीकरण प्रकल्प म्हापशासह बार्देशला पाणी देतो, आणि त्याचा मोठा आधार तिळारीचा कालवा. तिळारी हा 1990 च्या करारातला गोवा-महाराष्ट्राचा संयुक्त प्रकल्प. त्यात गोव्याचा वाटा 73.30 टक्के, महाराष्ट्राचा 26.70. धरण दोडामार्ग तालुक्यात. त्यासाठी आयनोडे, शिरंगे, पाटये, केंद्रे अशी गावे उठली. म्हापशात बादली भरताना हे कितीजणांना आठवते?

कालवा जुना, मातीच्या भरावांवरून नेलेला. भरावाला भगदाड पडले की शेते-बागायती वाहून जातात आणि इकडे अस्नोड्याची आवक तुटते. डिचोली तालुक्यातले आमठाणे धरण तेव्हा हात देते, पण ते लहान. शेजारी पेडण्यात चांदेलचा प्रकल्प दिवसाला दीड कोटी लिटरचा. त्याच तालुक्यात जानेवारी 2023 मध्ये मोपाचा विमानतळ चालू झाला, त्याच्या भोवतीने वस्ती आणि हॉटेले वाढताहेत. टंचाईत टँकर धावतात. भूजल उपशावर बंधन घालणारा कायदा गोव्यात 2002 पासून आहे, पण घागर रिकामी असलेला माणूस टँकरवाल्याला परवाना दाखव म्हणत नाही. तो टँकरचे पैसे मोजतो. मग कालवा दुरुस्त होतो, कोरड्या वाहिन्या भरू लागतात, आणि त्यांतल्या हवेचे बिलही त्याच्याच माथी येते.

दर वाढवायला माझी हरकत नाही. पाणी शुद्ध करायला आणि कालवा राखायला पैसा लागतो. पण वाहिन्यांवरचे हवा सोडणारे व्हॉल्व्ह आधी नीट करा, आणि महिन्याच्या बिलावर किती घनमीटर यासोबत किती तास पाणी दिले हेही छापा.