कोणतं चांदूर?

पाकिटावर नुसतं ‘चांदूर’ लिहिलं, तर पहिला प्रश्न येणार: रेल्वे की बाजार? आपल्या जिल्ह्यात दोन्ही आहेत. ई-मेलचंही तसंच आहे, दोस्तांनो. दुकानाच्या नावाचं डोमेन घेतलं, गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ चे पैसे भरले, म्हणजे काम झालं असं नाही. जिथून डोमेन घेतलं, तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये पत्ता पूर्ण करावा लागतो.

आधी टीएक्सटी रेकॉर्ड टाका. डोमेन तुमचंच आहे, हे त्याने सिद्ध होतं. मग एमएक्स. आलेली मेल कुठे उतरवायची, ते हा सांगतो. जुन्या होस्टिंगचा एमएक्स आठवणीने काढा. नाहीतर काही मेल जुन्याच पेटीत पडतील अन् गिऱ्हाईक म्हणेल, ‘ऑर्डर तर केव्हाच पाठवली!’

एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं, त्याची यादी. ती एकच ठेवा. दोन झाल्या की तपासणी फसते. डीकेआयएम ही मेलवरची सही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे या दोन्हींपैकी एक तरी असणं गूगलने सक्तीचं केलंय.

बदल लागू व्हायला कधी काही मिनिटं लागतात, कधी ४८ तास. म्हणून हे काम सुटीच्या आदल्या रात्री करा. नंतर मित्राच्या जीमेलवरून एक मेल मागवा, त्याला उत्तर द्या. दोन्ही पोहोचल्या, की मगच नवा पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापा.