आठ आणि नऊ

"८ व ९ सहमूळ आहेत का?" आम्ही वर्गात विचारले. एक मुलगी म्हणाली, "नाही गुरुजी, त्यांतली एकही मूळ संख्या नाही." चूक तिची नव्हे, 'सहमूळ' हा शब्द नुसता पाठ करून घेणाऱ्या आमची.

गणेश चतुर्थीची ताटे आठवा. २४ मोदक व ३६ केळी १२ ताटांत सारखी बसतात: ताटात २ मोदक, ३ केळी. १२ हा त्यांचा सर्वांत मोठा सामाईक विभाजक. पण केळी ३५ असली तर? ३५ चे विभाजक १, ५, ७, ३५. त्यांपैकी २४ ला भाग जातो तो फक्त १ ने. म्हणजे एकच ताट! म्हणून २४ व ३५ सहमूळ.

मग त्या मुलीने फळ्यावर ८ खाली १, २, ४, ८ व ९ खाली १, ३, ९ लिहिले आणि दोन्हीकडच्या १ भोवती गोल काढला.