कलपाआधीचे ४८ तास

तुळशीची लग्नं आटोपली की धाराशिव जिल्ह्यात लग्नसराईची गडबड सुरू होते. कळंबपासून उमरग्यापर्यंत कोणत्याही गावातल्या किराणा दुकानात पाहिलं, तर शाम्पूच्या पुड्यांशेजारी कलपाच्या आणि काळ्या मेहंदीच्या पुड्यांची माळ लटकलेली दिसते. थोडक्या पैशांत वय दहा वर्षांनी कमी होतं. त्यामुळे हळदीच्या आदल्या संध्याकाळी मामा, काका, आत्या, मावशी असं निम्मं घर डोक्याला काळा लेप लावून बसलेलं असतं. यात वावगं काही नाही. अडचण आहे ती वेळेची. कलपाची ॲलर्जी असेल तर ती सहसा लावल्या लावल्या कळत नाही. ती एक ते तीन दिवसांनी उमटते, म्हणजे नेमकी अक्षता पडण्याच्या सुमारास.

केस रंगवायचे म्हटलं की लोकांना केस गळतील, राठ होतील याची धास्ती वाटते. पण डोक्यावर दिसणारा केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव धागा असतो. तो खराब झाला तर कापता येतो, मुळाशी नवा केस येत राहतो. जिवंत असते ती खालची त्वचा. कलपाचा खरा धोका तिला आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

बहुतेक पक्क्या काळ्या कलपांत पॅराफेनिलिनडायअमिन, म्हणजेच पीपीडी, हे रसायन असतं. पॅरिसमधल्या युजीन श्युलर या रसायनतज्ज्ञाने १९०७ मध्ये कृत्रिम कलप तयार केला. आजच्या पक्क्या कलपांचं तत्त्वही तेच आहे. अमोनियासारखा क्षार केसाच्या वरचे खवले उघडतो, पीपीडीचे बारीक रेणू आत शिरतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे, काळे होतात. मोठे झाल्यामुळे ते बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग धुतला तरी जात नाही. मात्र ही क्रिया चालू असताना काही रेणू डोक्याच्या त्वचेतही उतरतात. काहींच्या शरीराला ते शत्रू वाटतात आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी त्यांची ओळख जपून ठेवतात. पुढच्या वेळी तोच रेणू भेटला की त्या तुटून पडतात. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये पीपीडीला ‘वर्षातला ॲलर्जीकारक पदार्थ’ ठरवलं, ते उगाच नव्हे.

‘पंधरा वर्षं हीच पुडी लावतोय, मग आताच कसं झालं?’ हा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. ॲलर्जी अशीच येते. चौदा वेळा काही होत नाही आणि पंधराव्या वेळी कानामागे खाज सुटते, कपाळावर पुरळ येतं, टाळूतून पाणी झिरपतं, सकाळी डोळे उघडत नाहीत इतक्या पापण्या सुजतात. एकदा जडलेली ही ॲलर्जी बहुधा जन्मभर राहते.

काळ्या मेहंदीबद्दल तर मोठाच गैरसमज आहे. मेहंदीच्या पानातला रंग तांबूस-केशरी असतो, तो काळा कधीच नसतो. मेहंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावली तर काळसर छटा येते, पण त्याला काही तास लागतात. अर्ध्या तासात कुळकुळीत काळा रंग देणाऱ्या ‘हर्बल’ पुडीत बहुतेक वेळा पीपीडीच असतं. जत्रेत किंवा लग्नात मुलांच्या हातावर काढलेल्या काळ्या मेहंदीतही ते असू शकतं. त्या हौसेतून लहानपणी लागलेली ॲलर्जी पुढे तिशी-चाळिशीत पहिल्याच कलपाला उसळते. म्हणून मुलांच्या हातावर साधी लाल मेहंदीच बरी.

यावरचा उपाय खोक्यातच असतो. आपल्याकडच्या नियमांनुसार पीपीडी असलेल्या कलपावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापावा लागतो, आणि आधी चाचणी कशी करायची याची माहितीही द्यावी लागते. चाचणी सोपी आहे. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी जागा साबणाने धुऊन कोरडी करावी, तयार केलेला कलप थेंबभर लावून वाळू द्यावा. नियमातली चाचणी २४ तासांची आहे. पण प्रतिक्रिया उशिरा येते, त्यामुळे ४८ तास थांबणं अधिक शहाणपणाचं. लाली, खाज, फोड यांपैकी काही दिसलं तर तो कलप लावू नये. ही चाचणी दर वेळी करायची असते. ज्यांना पूर्वी एकदा त्रास झाला आहे, त्यांनी मात्र घरी चाचणीही करू नये; थेट त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं.

भुवया आणि पापण्यांना कलप कधीच लावू नये. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास पापण्या रंगवण्याच्या ‘लॅश ल्यूर’ या प्रसाधनाने काही स्त्रियांचे डोळे गेले. त्यातून आलेल्या संतापाचा १९३८ च्या तिथल्या कडक कायद्याला हातभार लागला. आपल्या वेष्टनांवरही अंधत्वाचा इशारा असतो.

मिशी आणि दाढी रंगवणाऱ्यांनी ओठांजवळ जपावं. कलप पोटात जाणं तर फारच घातक. जीभ व घसा सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कालवलेली वाटी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. चुकून गिळलं गेलं, किंवा कलप लावल्यावर श्वास लागू लागला, तर घरगुती उपाय न करता १०८ वर फोन करावा. नुसती खाज-सूज असेल तर भरपूर पाण्याने डोकं धुवावं, लिंबू-चुना काही चोळू नये आणि मेडिकलमधून मनाने मलम न आणता डॉक्टरांना दाखवावं.

आता केसांविषयी. या भागातलं बोअरचं पाणी बेसाल्टच्या खडकातून येतं आणि बऱ्याच ठिकाणी जड असतं. बादलीवर जमणारा पांढरा थर त्याचीच खूण. कलपाने खवले उघडलेल्या केसावर तेच क्षार बसतात आणि केस आणखी खरबरीत होतो. शेवटचे एक-दोन तांबे तरी जारच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्यावेत. पांढरी दिसणारी मुळंच रंगवावीत, जुन्या रंगावर पुन्हा पुन्हा थर देऊ नये. दोन वेळांत सहा आठवड्यांचं अंतर असावं. लेप सांगितल्यापेक्षा जास्त वेळ ठेवल्याने रंग टिकत नाही, त्वचेला त्रास तेवढा होतो. मुंबईतल्या एका तेल-कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेल केसात शिरून प्रथिनांची झीज कमी करतं, असं दिसलं होतं. अभ्यास कंपनीचा असला तरी धुण्याआधी तेल लावण्याची आजीची सवय टिकवायला हरकत नाही. उन्हात पदर किंवा टोपी हवीच.

रोज अनेकांना कलप लावणाऱ्या सलूनमधल्या कारागिरांची जोखीम ग्राहकापेक्षा मोठी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये केशकर्तनाच्या व्यवसायातला संपर्क ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवला. घरगुती वापराबद्दल मात्र असा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. हातमोजे ही कारागिराची गरज आहे, ग्राहकाने त्याला घाई करू नये.

पंचविशीच्या आत केस भराभर पांढरे होत असतील, तर कलपाआधी रक्त तपासावं. बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार त्यामागे असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

लग्न रविवारचं असेल, तर आदल्या रविवारी चाचणी करावी, मंगळवारी कान पाहावा, बुधवारी कलप लावावा. शनिवारपर्यंत त्वचेने काही तक्रार केली नाही, तर फोटोत सगळेच तरुण दिसतील.