विश्लेषण : सोयाबीनचे दर पडले की मतेही पडतात का? रिठदच्या परिसरातील निकाल काय सांगतात?

रिसोड तालुक्यातील रिठदचा शेतकरी सोयाबीन विकायला बाजार समितीत जातो, तेव्हा तिथला दर ठरण्यात दिल्लीने लावलेल्या खाद्यतेल आयात शुल्काचाही हात असतो. पण शुल्क कुणाला दिसत नाही, दिसते ती हातात पडलेली हिशेबपट्टी. मग राग कुणावर निघतो?

शुल्क वाढवूनही दर का वाढले नाहीत?

विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरील शुल्क अधिभारासह ५.५ वरून २७.५ टक्के केले. तरीही त्या हंगामात अनेक बाजार समित्यांत सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले.

कारण दाण्यातच आहे. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघते आणि ८० किलोच्या आसपास पेंड. समजा, तेल किलोमागे २० रुपयांनी वाढले, तर क्विंटलला ३६० रुपयांचा आधार मिळतो. पण त्याच वेळी पेंड पाच रुपयांनी उतरली, तर ४०० रुपये जातात. म्हणजे शुल्क वाढूनही शेतकरी तोट्यातच! पेंडीला तेव्हा मक्यापासून इथेनॉल बनवताना उरणाऱ्या स्वस्त पशुखाद्याची स्पर्धा होती. शुल्क तेलावर लागले, मार पेंडीकडून बसला.

मतांचे काय झाले?

इथे सरळ सूत्र कोलमडते. रिसोड विधानसभा मतदारसंघ अकोला लोकसभेत येतो. जिल्ह्यातील वाशीम आणि कारंजा हे यवतमाळ-वाशीममध्ये. पीक तेच, दरही जवळपास तोच. पण २६ एप्रिल २०२४ च्या मतदानात अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे जिंकले, तर यवतमाळ-वाशीममध्ये ठाकरे गटाचे संजय देशमुख. अकोल्यात प्रकाश आंबेडकरांना मिळालेली मते धोत्रेंच्या मताधिक्यापेक्षा कितीतरी जास्त होती. नाराजी असली, तरी ती एका जागी साचली तरच निकाल फिरतो.

सात महिन्यांनी विधानसभेत चित्र उलटले. वाशीम आणि कारंजा भाजपकडे गेले, रिसोड काँग्रेसचे अमित झनक यांनी राखले. प्रचारात भाजपकडून सहा हजारांचा, काँग्रेसकडून सात हजारांचा दर देण्याची भाषा झाली. दर तर पडलेलेच होते. मग राज्यात महायुतीला एवढे यश कसे? एकच कारण देणे धाडसाचे, पण ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये वगळून हे कोडे सुटत नाही. दरातली घट कुणाच्या माथी मारायची यावर पारावर वाद होतो. खात्यात पैसे कुणी टाकले, यावर होत नाही. आणि हिशेबपट्टी व हप्ता बहुतेकदा एकाच घरात येतात.

सरकारची अडचण कुठे?

देश गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. शुल्क वाढवले की फोडणी महागते, कमी केले की सोयाबीनवर दबाव येतो. शहरातला ग्राहक मतदार आहेच, पण तेलाची पिशवी रिठदचा शेतकरीही दुकानातूनच आणतो.

३० मे २०२५ ला, खरिपाची पेरणी तोंडावर असताना, केंद्राने कच्च्या तेलावरील शुल्क १६.५ टक्क्यांवर आणले. त्याच आठवड्यात नव्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव मात्र वाढवून ५,३२८ रुपये जाहीर झाला होता.