काचेच्या भिंती आणि आपले ऊन

वांद्रे-कुर्ला संकुलापासून पुण्याच्या हिंजवडीपर्यंत, कचेरीची नवी इमारत म्हणजे नखशिखान्त काच, असे समीकरणच होऊन बसले आहे. ही वेशभूषा ज्या थंड देशांतून आली, तेथे हिवाळ्याचे मंद ऊन आत घेणे ही गरज असते. आपल्याकडे ऊन बाहेर ठेवणे हे वास्तुरचनेचे पहिले काम होय. जुन्या घरांनी ते ओळखले होते. कोकणात छपरात एखादेच काचेचे कौल बसवीत आणि तेवढ्या उजेडावर माजघराचे भागत असे. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत तर काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या असत. त्यांतून उजेड येई, त्याची प्रखरता नव्हे.

वितळलेल्या कथिलावर काचेचा रस तरंगत ठेवून सपाट तक्ते काढण्याची रीत ब्रिटनमधील पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली. मोठी, निर्दोष तावदाने त्यामुळे सुलभ झाली आणि मोहही वाढला. परंतु सहा मिलिमीटर जाडीच्या साध्या तावदानातून उन्हाच्या उष्णतेचा सुमारे चार पंचमांश भाग आत येतो, आणि आतील तापलेल्या वस्तूंची धग मात्र काच सहजी बाहेर जाऊ देत नाही. मग वातानुकूलन यंत्रे अखंड चालवायची, डोळे दिपतात म्हणून पडदे ओढायचे आणि भर दुपारी दिवे लावायचे! धातूचा सूक्ष्म लेप दिलेली काच ही उष्णता निम्म्याहून कमी करू शकते, हे खरे. दोन तावदानांमध्ये कोरड्या हवेचा थर ठेवलेली दुहेरी काच मात्र कडाक्याच्या थंडीत जितकी मोलाची, तितकी मुंबईत नाही. कारण येथे आतबाहेरच्या तपमानात बहुधा दहाएक अंशांचाच फरक असतो. दक्षिणेस रुंद छज्जा आणि पश्चिमेस उभे आडोसे हे साधे उपाय ऊन काचेवर पडण्याआधीच अडवितात. तथापि छज्ज्याला ऐट नाही.

खर्चापेक्षा गंभीर प्रश्न जीविताचा आहे. साधी काच फुटली की तिच्या सुऱ्या होतात. सहाशेहून अधिक अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली टफन्ड काच चार-पाच पट बळकट असते व फुटल्यास तिचे बोथट दाणे होतात. दारांना व न्हाणीघरातील आडोशांना तीच हवी. सज्जाच्या कठड्याला किंवा डोक्यावरील छताला मात्र तेवढ्याने भागत नाही. तेथे दोन तावदानांमध्ये चिवट पापुद्रा दाबून बसविलेली लॅमिनेटेड काच लागते, कारण ती तडकली तरी जागा सोडत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत काचेसाठी स्वतंत्र विभाग आहे. पण संहिता दुरुस्तीच्या वेळी कोण उघडतो? टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, मापाने मागवावी लागते. साहजिकच ती फुटली की जवळच्या दुकानातून साधी काच कापून आणण्याचा मोह होतो, आणि वरवर पाहता दोहोंत फरक दिसत नाही.

आगीच्या वेळी तर बंद काच धूर कोंडून ठेवते. जुलै २०१४ मध्ये अंधेरीतील काचेने मढविलेल्या एका बहुमजली इमारतीस आग लागली, तेव्हा गच्चीवर अडकलेल्या अग्निशामकांना सोडविण्यास हेलिकॉप्टर न्यावे लागले. एका जवानाचा प्राण गेला. चिवट लॅमिनेटेड काच अशा वेळी फोडणेही कठीण. म्हणूनच काच कोणतीही असो, प्रत्येक मजल्यावर हाताने उघडणारी झडप आणि अग्निशामकांना बाहेरून ओळखता येईल अशी खूण असलेले तावदान, यांची खातरजमा इमारतीचा नकाशा मंजूर करतानाच व्हावयास हवी.