फवारणी यंत्राचा प्रवाहमापक : त्याचे माप कसे ठरवावे?

पानिपत हे नाव मराठी वाचकास इतिहासामुळे परिचित आहे. दिल्लीच्या परिसरातील पानिपत, सोनीपत, रोहतक या भागांत हिवाळ्यात दृष्टी पोहोचेल तेथवर गहू उभा असतो. त्या गव्हात मंडूसी नावाचे तण उगवते. कोवळेपणी ते गव्हापासून वेगळे ओळखणेही कठीण असते. आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक त्यावर दीर्घकाळ गुणकारी ठरले. परंतु १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी हरियाणातील मंडूसी त्यास दाद देईनाशी झाली. वर्षानुवर्षे एकच औषध वापरणे हे याचे प्रमुख कारण होय. तथापि अपुरी मात्रा व सदोष फवारणी यांचाही त्यास हातभार लागला. मात्रा कमी पडल्यास तण तगते, अधिक झाल्यास पीक होरपळते. म्हणून औषध किती वेगाने बाहेर पडत आहे, हे मोजणे अगत्याचे ठरते. ट्रॅक्टरवरील फवारणी यंत्रात हे काम प्रवाहमापक करतो.

प्रवाहमापकाच्या एका प्रकारात नळीमध्ये एक लहान पंखा असतो. द्रव वाहू लागला की तो फिरतो आणि त्याच्या फेऱ्यांवरून प्रवाह कळतो. दुसऱ्या प्रकारात फिरणारा भाग नसतो. चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या द्रवात सूक्ष्म विद्युत्‌दाब उत्पन्न होतो, तो मोजला जातो. मायकेल फॅरडे यांनी याच तत्त्वाने १८३२ साली लंडनच्या थेम्स नदीचा प्रवाह मोजण्याचा प्रयत्न केला होता.

मापक निवडताना पुष्कळ जण नळीच्या व्यासाकडे पाहतात. ही चूक होय. नळी कितीही रुंद असो, तिच्यातून दर मिनिटास किती लिटर जाणार हाच खरा प्रश्न आहे. तो साध्या अंकगणिताने सुटतो. समजा, बारा नोझलांची, सहा मीटर रुंद दांडी ताशी ४ किलोमीटर वेगाने चालली आहे. ती मिनिटास सुमारे ६६.७ मीटर पुढे जाते, म्हणजे ४०० चौरस मीटर क्षेत्र भिजविते. हा हेक्टरचा पंचविसावा भाग झाला. हेक्टरी ४०० लिटर मिश्रण द्यावयाचे असल्यास मिनिटास १६ लिटर लागतील. थोडक्यात, हेक्टरी लिटर, ताशी किलोमीटर व रुंदीचे मीटर यांचा गुणाकार करून त्यास ६०० ने भागावे.

परंतु एवढ्यावर थांबू नये. ट्रॅक्टर ताशी ६ किलोमीटर वेगाने गेला, तर १६ चे २४ लिटर होतात. उलट शेताच्या कडेला वेग ३ किलोमीटर आणि दांडीचा एक तृतीयांश भागच चालू असेल, तर केवळ ४ लिटर लागतात. तेव्हा ४ पासून २४ पर्यंतचा सर्व प्रवाह मापकाच्या मर्यादेत बसला पाहिजे. येथे ३ ते ३० लिटरांचा मापक योग्य ठरेल. २० ते २०० लिटरांचा मोठा मापक घेतल्यास मंद प्रवाहात पंखा घर्षणामुळे अडखळतो आणि आकडा खरा येत नाही. १ ते १० लिटरांचा लहान मापक घेतल्यास पंखा अतिवेगाने फिरून झिजतो व नोझलांपर्यंत दाब पुरेसा पोहोचत नाही.

टाकीतील मिश्रण ढवळण्यासाठी काही द्रव परत टाकीत सोडला जातो. म्हणून मापक त्या फाट्याच्या पुढे, नोझलांकडे जाणाऱ्या नळीवर बसवावा. अन्यथा परतणारे पाणीही शेतात पडले असे तो दाखवील.

मापक बसविल्यावर त्याची परीक्षा अवश्य घ्यावी. प्रथम टाकीत केवळ स्वच्छ पाणी भरावे. प्रत्येक नोझलाखाली मोजपात्र धरून एक मिनिट पाणी साठवावे. वरील उदाहरणात प्रत्येकी सुमारे १.३३ लिटर, एकूण १६ लिटर भरले पाहिजे. ही बेरीज व मापकाचा आकडा जुळल्यावरच औषध घालावे. पाठीवरील पंप वापरणाऱ्या शेतकऱ्यापाशी मापक नसतो. परंतु मोजपात्र, घड्याळ व हेच गणित त्याच्याही हाताशी आहे.