खोगीरभरती निरुपयोगी नसते!

विद्यार्थी मित्रांनो, 'खोगीरभरती' हा शब्द तुमच्या कानांवरून गेला असेलच. निबंधात नको तो मजकूर घालून पाने वाढवली, की गुरुजी म्हणतात, "ही सगळी खोगीरभरती आहे!" खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरचे आसन. त्याच्या आत कापूस, लोकर, केस, गवत असे हाताशी येईल ते भरीत. म्हणून नुसती जागा भरणाऱ्या बिनकामाच्या मालाला हे नाव पडले. पण भाषेने येथे खोगिरावर थोडा अन्यायच केला आहे. घोड्याला बोलता आले असते, तर तो म्हणाला असता, "बाबांनो, खोगिरात सर्वांत महत्त्वाचे काही असेल, तर ती भरतीच!" असे का, ते आज पाहू.

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात पुसेगाव नावाचे गाव आहे. (सातारा जिल्ह्यातील पुसेगाव वेगळे.) या मुलखाला घोडा नवा नाही. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीला निजामाच्या 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेची छावणी होती आणि त्या फौजेत घोडदळही होते. १९०३ साली ती फौज त्या वेळच्या भारतीय सैन्यात विलीन झाली. घोडदळाचे दिवस गेले, तरी घोडा गेला नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, तेथे आजही घोड्यांचा बाजार भरतो. आणि पुसेगावसारख्या गावात घोडा दिसण्याची हमखास वेळ म्हणजे लग्नाची वरात.

घोड्यांचा बाजार म्हटला, की साजाची दुकाने आलीच. रंगीत गोंडे, आरसे लावलेल्या झुली, घुंगरू, लगाम, खोगिरे! डोळे दिपून जातात. पण यांतला घोड्याच्या हिताचा साज कोणता, हे कसे ओळखायचे? त्यासाठी शाळेत शिकलेले एक साधे सूत्र पुरते.

ओझे तेच, दाब वेगळा

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. दप्तराचा रुंद पट्टा काढून त्याजागी सुतळी बांधा आणि दप्तर खांद्याला लावा. दप्तराचे वजन वाढलेले नाही, तरी पाच मिनिटांत खांदा दुखू लागेल. कारण तेच ओझे आता थोड्याशा जागेवर पडते आहे.

आता हेच गणित घोड्याच्या पाठीवर करू. समजा, स्वार ६० किलोग्रॅमचा आणि खोगीर १० किलोग्रॅमचे. एकूण ओझे ७० किलोग्रॅम. खोगीर पाठीवर नीट बसले आणि ओझे १,४०० चौरस सेंटिमीटर जागेवर सारखे पसरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर ५० ग्रॅम भार येईल. पण खोगीर वेडेवाकडे असेल आणि फक्त ३५० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकत असेल, तर तोच भार २०० ग्रॅम होईल. म्हणजे चौपट!

यात बिघडले कोठे? त्वचेखाली केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांचे जाळे असते. माणसाच्या केशवाहिन्यांत रक्ताचा दाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४४ ग्रॅम इतकाच असतो. घोड्याच्या त्वचेची गोष्ट यापेक्षा फार निराळी नाही. बाहेरचा दाब याहून बराच जास्त झाला, की केशवाहिन्या चेपतात, रक्त थांबते आणि पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. हे काही तास चालले, तर पेशी मरतात. पाठीवर आधी सूज येते, मग जखम होते.

तुम्ही विचाराल, "चांगल्या खोगिराखालीसुद्धा ५० ग्रॅम भार येतो, मग प्रत्येक घोड्याला जखम का होत नाही?" प्रश्न योग्य आहे. घोडा चालतो तेव्हा पाठ हलते आणि दाब क्षणोक्षणी इकडून तिकडे सरकतो, त्यामुळे रक्ताला पुन्हा वाट मिळते. उभ्या घोड्यावर मात्र तसे होत नाही. म्हणूनच जाणता स्वार मुक्कामाच्या ठिकाणी घोड्यावर बसून गप्पा मारीत नाही. तो खाली उतरतो आणि तंग सैल करतो. तंग म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा.

भरतीचे काम

घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात, आपल्याला १२. स्वाराचे ओझे या बरगड्यांच्या पिंजऱ्याने पेलावे, पाठीच्या कण्याने नव्हे. कण्याच्या मणक्यांची टोके त्वचेच्या अगदी लगत असतात आणि त्यांच्यावर स्नायूंची गादी नसते. म्हणून चांगल्या खोगिराला दोन बाजूंना दोन गाद्या असतात आणि मधोमध पन्हाळीसारखी मोकळी जागा असते. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, कारण तेथून पुढे कण्याखाली बरगड्यांचा आधार नाही.

या दोन गाद्यांत जी भरायची, तीच खोगीरभरती. ती सारखी भरलेली असेल, तर पाठीच्या उंचसखल आकाराशी जुळून ओझे पसरवते. तिच्यात गाठ झाली, की दाब त्या गाठीखाली एकवटतो. वापराने भरती दबून घट्ट होते, म्हणून ती वेळोवेळी पिंजून पुन्हा भरावी लागते. खोगिराखाली लोकरीचे जाड कापड घालतात तेही याचसाठी. लोकर दबली तरी पुन्हा फुगते आणि घामही शोषून घेते.

खोगीर चुकते आहे की नाही, हे घोडा सांगू शकत नाही. त्याची पाठ सांगते. फेरी संपल्यावर खोगीर उतरवताच पाठ पाहा. घामाने सगळी पाठ सारखी भिजली असेल, तर ठीक. मध्येच एखादा कोरडा ठिपका दिसला, तर तेथे दाब जास्त पडून घामाच्या ग्रंथींचे काम बंद पडले असावे. काळ्या किंवा तांबड्या घोड्याच्या पाठीवर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे पुंजके दिसले, तर ती पूर्वीच्या इजेची खूण असते. केसांना रंग देणाऱ्या पेशी तेथे नष्ट झालेल्या असतात. घोडा विकत घेताना गोंडे पाहण्याआधी हे पाहावे!

अर्थात, उत्तम खोगीरसुद्धा ओझे कमी करीत नाही, फक्त पसरवते. अमेरिकेतील ओहायो येथे केलेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझी लादून पाहिली. २५ व ३० टक्के ओझ्यांनी घोड्यांचे स्नायू अधिक दुखावले. म्हणून खोगिरासह सारे ओझे घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाहून जास्त नसावे, असे मानतात. आता वरात आठवा. ७० किलोग्रॅमचा नवरदेव, पुढ्यात बसवलेला २० किलोग्रॅमचा भाचा आणि १० किलोग्रॅमचे खोगीर मिळून झाले १०० किलोग्रॅम. घोडी ३०० किलोग्रॅमची असेल, तर तिची मर्यादा ६० किलोग्रॅमची आहे!

लगाम आणि तोंड

दाबाचे हेच सूत्र लगामालाही लागू पडते. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत बिनदातांची मोकळी जागा असते. लगामाची कडी तेथे, हिरडीवर आणि जिभेवर टेकते. तेथे हाडावर केवळ पातळ त्वचा असते. कडी जितकी बारीक, तितका दाब जास्त. आणि कडीला काटे असले तर विचारूच नका. काटेरी लगामाने घोडा आज्ञाधारक होत नाही, तो वेदनेने बिथरतो. आपल्या देशात १९६५ सालच्या नियमांनी असे काटेरी लगाम वापरण्यास बंदी आहे. त्याच नियमांप्रमाणे ज्या भागात तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते, तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावराला कामाला लावता येत नाही. मराठवाड्यातला उन्हाळा आठवला, की या नियमाचे मोल कळते.

खूर म्हणजे नखच

घोडा एका बोटावर उभा असतो आणि खूर हे त्या बोटाचे नख! आपले नख आणि घोड्याचे खूर एकाच प्रथिनाचे, केराटिनाचे, बनलेले असते. खुराची बाहेरची भिंत दर महिन्याला सुमारे ६ ते १० मिलिमीटर वाढते. तिच्यात मज्जातंतू नसतात, म्हणून तेथे खिळा ठोकला तरी दुखत नाही. पण खिळा किंचित आत गेला, तर जिवंत भागात घुसतो. नालबंदाचे सारे कसब या काही मिलिमीटरांत आहे. नाल झिजला नसला, तरी दर ६ ते ८ आठवड्यांनी तो काढून खूर तासावे लागते, कारण नालाखाली खूर वाढतच राहते.

खुराच्या तळाशी रबरासारखा मऊ, त्रिकोणी भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत शेण आणि चिखल दाटून बसला, की हवा पोहोचत नाही आणि हवेशिवाय वाढणारे जंतू तो भाग कुजवतात. काळपट स्राव आणि घाण वास ही त्याची खूण. उपाय महागडा नाही. खूर रोज कोरून स्वच्छ करावे आणि उभे राहण्याची जागा कोरडी ठेवावी. मात्र खुरात खिळा रुतला, तर पशुवैद्याला बोलावावे. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

घाम, मीठ आणि खरारा

पळून आलेल्या घोड्याच्या मानेवर, पट्ट्यापाशी पांढरा फेस तुम्ही पाहिला असेल. घोड्याच्या घामात 'लॅदरिन' नावाचे प्रथिन असते. ते साबणासारखे काम करते. त्यामुळे घाम दाट केसांतून पसरतो आणि बाष्पीभवनाने अंग थंड होते. हा घाम आपल्या घामापेक्षा बराच खारट असतो. उन्हात जोराचे काम असेल, तर घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. म्हणून पाण्याबरोबर त्याला मीठही हवे. चाटायला मिठाचा खडा ठेवणे ही सर्वांत स्वस्त आणि गुणकारी सोय.

तापलेल्या घोड्याच्या अंगावर गार पाणी ओतू नये, असा जुना समज आहे. १९९६ साली अटलांटा येथे ऑलिंपिक सामने दमट उकाड्यात व्हायचे होते. त्याआधी शास्त्रज्ञांनी हा समज तपासला, तेव्हा गार पाणी ओतल्याने अपाय होत नाही, उलट घोडा लवकर निवतो, असे दिसून आले.

वाळलेल्या घामाचे मीठ आणि धूळ खोगिराखाली राहिली, तर ती पॉलिश कागदासारखी त्वचा खरवडते. म्हणून खोगीर घालण्यापूर्वी खरारा झालाच पाहिजे. कातडी साजही ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावा आणि त्याला थोडे तेल द्यावे. कडक झालेला पट्टा कापतो. आणि वाळून तडकलेला पट्टा ऐन वेळी तुटतो.

स्वाराच्या डोक्यावरची भरती

आता स्वाराचे पाहू. घोड्यावर बसल्यावर डोके जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंच असते. तेथून पडणारे डोके जमिनीला भिडते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटर होतो. हे डोके २ मिलिमीटरांत थांबले, तर त्याला गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १,२५० पट मंदन सोसावे लागते. शिरस्त्राणातला फेस चेपून तेच डोके २ सेंटिमीटरांत थांबले, तर हा आकडा १२५ वर येतो. ओझे पसरवून भरती घोड्याची पाठ वाचवते. थांबण्याचे अंतर वाढवून भरतीच स्वाराचे डोके वाचवते. पायात टाच असलेला जोडा हवा, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही आणि पडलेला स्वार फरफटत जात नाही.

मित्रांनो, पुढच्या वरातीत किंवा यात्रेत घोडा दिसला, तर मालकाची परवानगी घेऊन त्याची पाठ, तोंड आणि खूर पाहा. कोरडा ठिपका किंवा पांढरा पुंजका दिसला, तर अदबीने त्याला सांगा. त्या मालकाचे पोट याच पाठीवर चालते. पाठ गेली, तर रोजी गेली. आणि घरच्या लग्नात पुढ्यात बसण्याचा हट्ट धाकट्या भावाने धरला, तर वर केलेला हिशोब त्याला एकदा कागदावर मांडून दाखवा.